एळुमलै अण्णांचे हात

एळुमलै अण्णांची जागा माझ्यामुळे जाणार होती.

आज सकाळी अण्णा गेले. आमच्या क्रेनवाल्या सेंदिलचा मेसेज आला तेव्हा मी पुण्यात डबे भरत होते. ते तसेच राहिले.

२००४. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी आमची कंपनी. मी कोल्हापूरची, बावीस वर्षांची, क्वालिटीत ट्रेनी. अख्ख्या प्रेस शॉपमध्ये एकटी मुलगी.

तमिळ शून्य.

पण तमिळ येत असतं तरी काय दिवे लावणार होते? पत्रा दाबणारे ते अजस्र प्रेस दिवसभर असे आदळायचे की कानात इअर प्लग घालूनच आत जायचं. तिथे तोंडाने कोणी बोलतच नसे. सगळा कारभार हातांवर.

आणि त्या कारभाराचे राजे म्हणजे अण्णा.

पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा, म्हणजे डाय. काही टन वजनाची. ती क्रेनने उचलून प्रेसमध्ये अचूक बसवायची, हे अण्णांचं काम. वर क्रेनच्या केबिनमध्ये सेंदिल, खाली अण्णा. अण्णा बोट हलवणार, सेंदिल डाय तेवढीच हलवणार.

वीस वर्षं असल्या दणदणाटात काढून अण्णांचे कान जवळजवळ गेले होते. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

मग मी उगवले.

दुसऱ्याच आठवड्यात अण्णांनी डाय बसवली आणि पहिला पीस माझ्या टेबलावर आला. इतका देखणा, की मी लांबूनच अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हात उंचावला. आपण करतो तसं. एक नंबर! झकास!

अण्णांनी ताबडतोब प्रेस बंद केला.

त्या शॉपमध्ये त्या गोल खुणेचा अर्थ होता, 'पार्टच्या भोकात गडबड आहे'.

मी "गुड! गुड!" ओरडत धावले. अण्णांची माझ्याकडे पाठ, आणि केलेली खूण मागे कशी घ्यायची ते मला येत नव्हतं. डाय उघडून, टॉर्च मारून ते नसलेला दोष शोधत होते. पाऊण तास लाइन ठप्प, शॉपमध्ये शांतता.

तेवढ्यात प्लँट मॅनेजर आले. नवीनच होते, नाशिकचे. मागे उभं राहून त्यांनी अण्णांना तीनदा हाक मारली. अण्णा वळलेच नाहीत.

झालं. सगळं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. अण्णा भंगार यार्डात. डाय सेटिंग आता नवीन पोरं करणार, वॉकीटॉकीवर.

मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, चूक माझी आहे. खूण मी चुकीची केली."

"असेल. पण कान तर त्यांचेच गेलेत ना?"

रडत यार्डात गेले. माफी कशी मागायची तेही कळेना, म्हणून अण्णांसमोर दोन्ही कान धरून उभी राहिले.

बहिऱ्या माणसासमोर कान धरले! किती अक्कल असावी एखादीला!

अण्णा बघतच राहिले. मग खो खो हसले. स्वतःच्या कानांकडे बोट दाखवून हात झटकला, हे गेले. मग दोन्ही पंजे माझ्या डोळ्यांसमोर धरले. हे आहेत की!

आठवड्याने कस्टमरची माणसं डाय चेंज बघायला आली. सगळे टाय लावून उभे. नवा डाय सेटर वॉकीटॉकीत घसा फोडतोय, वर सेंदिलला नुसती खरखर. डाय तिरकी होऊन अधांतरी लटकली. खालची पोरं मागे सरकली.

सेंदिलने क्रेन जागच्या जागी थांबवली. लिव्हरवरचे हात काढले, छातीशी घडी घातली आणि हनुवटीने दाखवलं.

भंगार यार्डाकडे.

याचं भाषांतर कोणालाच लागलं नाही. मॅनेजर स्वतः चालत गेले. अण्णांपुढे उभे राहिले आणि हात जोडले.

अण्णा आले. घाई नाही, गुर्मी नाही. टॉवेलला हात पुसले, सगळ्यांना पिवळ्या पट्टीमागे घालवलं आणि वर सेंदिलकडे पाहिलं.

मग ते हात बोलायला लागले हो! एक तळवा सपाट, दुसऱ्याची दोन बोटं जराशी डावीकडे. थांब. अजून केसभर. डाय सरळ झाली, खाली आली आणि खालच्या पिनांवर अशी बसली की आवाज कोणाला आला नाही, फक्त तळपायांना कळलं.

सहा मिनिटं!

मी कोल्हापुरी शिट्टी ठोकली. त्या गोंधळात ती कोणालाही ऐकू गेली नाही, याचं मला आजही दुःख आहे.

ऑर्डर त्याच दिवशी फाटली. सगळ्या खुणांची चित्रं काढून दारात बोर्ड लावायचं काम माझ्याकडे आलं. मॉडेल अर्थातच अण्णा. बोट जरा वाकडं काढलं की मान हलायची आणि मी मुकाट्याने खोडरबर घ्यायचे. नवा माणूस आला, मग तो इंजिनिअर का असेना, आधी आठ दिवस अण्णांपुढे उभा.

२००९ मध्ये अण्णा रिटायर झाले. त्याच प्रेससमोरून. भंगार यार्डातून नाही!

लाइन बंद करून सगळे जमलो, हार घातला आणि टाळ्या सुरू केल्या. सेंदिलने मध्येच अडवलं.

"अवरुक्कु केक्कादु."

त्यांना ऐकू येत नाही.

आणि त्याने आपले दोन्ही हात वर केले आणि हलवले. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनी. मॅनेजरांनीसुद्धा. अख्ख्या शॉपमध्ये नुसते हात. काळे, तेलकट, एखादं बोट कमी असलेले.

अण्णा आमच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाच्या बोटांवर टनांची डाय हलायची, त्याला त्या दिवशी स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

अण्णा, आज चेन्नईला पोचणं जमलं नाही.

स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून दोन्ही हात वर केलेत. बराच वेळ झाला, खाली घ्यावेसे वाटत नाहीत.

या, अण्णा.