मी काढून टाकलेल्या ओळी

सकाळी यवतजवळच्या दूध शीतकरण केंद्रातून फोन आला. लॅब सांभाळणारे आप्पा बोलत होते. "ताई, काल तुमचं अपडेट घेतलं तवापासून दुधाच्या तपासणीचे रिपोर्ट दिसंनात."

आमची छोटी कंपनी अशा केंद्रांना सर्व्हर पुरवते. त्यांच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यातल्या प्रोग्राममध्ये, लागतील ते बदल मी शिरूरला घरी बसून करते.

"वायरी तपासा," मी म्हणाले. तासभर त्यांना वायरी काढायला-घालायला लावल्या. मग लॉगचे, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीचे, फोटो फोनवर मागवले आणि चूक दिसली.

कर्नलमधली फाइली पुरवणारी सेवा सुरू होताना नोंदणी ठेवणाऱ्या एका प्रोग्रामला कळवते, 'मी अमुक पोर्टवर, म्हणजे अमुक दारावर आहे.' इतर यंत्रं त्यालाच विचारून तिच्यापर्यंत पोचतात. कळवण्याची एक जुनी पद्धत आहे, एक नवी. जुनी आता कोण वापरतंय, असं म्हणत महिन्यापूर्वी मी तिच्या ओळी काढून टाकल्या होत्या. आप्पांच्या सर्व्हरवरच्या नोंदणी प्रोग्रामला मात्र जुनीच समजत होती. त्यानं नोंदणी नाकारली आणि सेवा बंद पडली. आधीचं कर्नल अपडेटनं पुसलेलं. सर्व्हरला बाहेरून जोडणी नाही, म्हणजे घरून दुरुस्तीही नाही. मी गाडी काढली आणि न्हावरे-चौफुला रस्त्यानं निघाले.

पोचले तेव्हा फाटकात दुधाच्या पिकअप उभ्या होत्या. तपासणी यंत्र निकाल थेट सर्व्हरवर लिहायचं. रिपोर्टशिवाय टँकर सोडायचा नाही, आणि टँकर गेल्याशिवाय टाकी रिकामी होणार नाही.

"वीतभर जागा ऱ्हायलीय," आप्पा म्हणाले. "किती येळ?"

"अर्धा तास."

नवी पद्धत नाकारली गेली तर जुनीनं कळव, एवढं लिहिलं. कर्नलचा तेवढा तुकडा पुन्हा बांधला, सर्व्हरवर चढवला. सेवा पुन्हा बंद! दोनदा पासवर्ड चुकला. बाहेर कुणीतरी हॉर्न दाबूनच धरला होता. लॉग ओळ-ओळ वाचला. सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या साध्या पत्त्याची नोंद या वेळी झाली होती. पण नव्या धर्तीचा लांब पत्ता जुन्या पद्धतीत मावतच नाही, आणि त्या एका नकारापायी कर्नल सगळंच सोडून देत होतं. तो नकार मनावर घ्यायचा नाही, असं लिहून पुन्हा बांधलं.

आप्पा दारात आले. "दोन गाड्या परत धाडल्या ताई. टाकीत जागाच न्हाई."

मी तुकडा चढवला. सेवा सुरू झाली. नोंद दिसली. मिनिटभरानं त्यांच्या पडद्यावर रिपोर्ट उमटला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि टँकरला हात केला.

"आप्पा, वायरीत काही नव्हतं. चूक माझी होती."

"मंग तासभर वायरी कशाला काढायला लावल्या?"

परत गेलेल्या गाडीवाल्यांना फोन लावत ते बाहेर गेले.

तिथंच बसून मी ऑफिसला कळवलं, बाकीच्या केंद्रांचं अपडेट थांबवा. खाली लिहिलं, 'बिघाड माझ्या बदलामुळे.' आधी 'आपल्या' लिहिलं होतं, ते खोडलं.