साहेबांचा दुसरा प्रश्न

न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनमध्ये खोटं बोलणं ज्यांनी सगळ्यांना अवघड करून ठेवलं, असे एकमेव गृहस्थ आमच्या कुंपणापलीकडे राहतात. तीस वर्षं त्यांनी इंग्लंडच्या टीव्हीवर राजकारणाच्या बातम्या दिल्या, पंतप्रधानांच्या दाराबाहेर छत्री धरून पावसात उभे राहिले, भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडला आणि २०११ साली निवृत्त होऊन एकुलत्या एक लेकीजवळ राहायला इथे आले. लेक इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्या घरात त्यांचं नाव साहेब.

साहेबांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कानात लंडनच्या बातम्या ऐकवणारी इअरफोनची एक बोंडी कायम. बातमी ऐकत ड्राइव्हवेवर येरझारा घालणार. कमरेच्या वर कोट आणि टाय, खाली हाफपँट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कारण टीव्हीवर खालचं दिसत नाही! दारामागे भरलेली बॅग. "चॅनलचं केव्हाही बोलावणं येईल," म्हणायचे. कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) पाव घ्यायला गेले तरी, "हा आजचा आहे का?" दुकानदार म्हणाला, "एकदम फ्रेश!" "ते मी विचारलं नाही. आजचा की कालचा?" रांग पार फुटपाथवर आली, तेव्हा कुठे दुकानदाराने 'कालचा' म्हणून कबूल केलं.

या देशात 'हाऊ आर यू' सगळेच विचारतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. साहेब थांबायचे आणि दुसरा प्रश्न टाकायचे, "म्हणजे नक्की कसे?" एकदा 'ठीक' म्हणून सुरुवात केलेला मी, पाच मिनिटांत नोकरीचा वैताग आणि पुण्यातल्या आईची काळजी त्यांच्यापुढे ओकून मोकळा झालो होतो. बायकोलाही मी तेवढं सांगितलं नव्हतं.

अशा माणसाला मराठी मंडळाच्या वार्षिक सभेला पाहुणा म्हणून नेण्याचा अविचार मीच केला. आमच्याकडे अध्यक्ष बिनविरोध होतो. त्याने तीनदा नको म्हणायचं, आपण आग्रह करायचा, मग त्याने मान तुकवायची. यंदाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका तीन नकारांनंतर मान तुकवत म्हणाले, "मला पद नकोच आहे हो, पण लोकांचा आग्रह आहे." शेजारच्याने भाषांतर करताच साहेब उठले. "एका माणसाचं नाव सांगा."

काकांनी सभागृहावर नजर फिरवली. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. काकू चमचे पुसायला लागल्या. काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "खरं सांगू? मला आवडतं अध्यक्ष व्हायला." त्या दिवशीइतक्या टाळ्या मंडळात पुन्हा कधी पडल्या नाहीत.

२०१९ च्या अखेरीस इंग्लंडात निवडणूक जाहीर झाली आणि साहेबांनी बॅग बाहेर काढली. तेव्हा लेकीचे दिवस भरत आले होते. मी कुंपणाजवळ झाडांना पाणी घालत होतो. ती विचारत होती, "डॅड, बाळ येईल तेव्हा तुम्ही इथे असाल ना?"

"परिस्थितीवर माझं बारीक लक्ष आहे," साहेब म्हणाले.

"असाल की नाही?"

"योग्य वेळी निर्णय कळवीन."

तिचे डोळे भरून आले. साहेब माझ्याकडे वळले. "काय करणार? तिकडे लोकांचा आग्रह आहे." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एका माणसाचं नाव सांगा."

साहेबांनी कानातली बोंडी काढली, मुठीत धरली. "कुणीच नाही," ते म्हणाले. "फोन आलाच नाही. आठ वर्षांत एकदाही नाही." मग लेकीकडे बघून म्हणाले, "असेन. इथेच असेन."

नात झाली तेव्हा ते हॉस्पिटलातच होते. बॅग माळ्यावर गेली, टायही गेला. लेक खूश आहे, मीही खूश आहे. पण त्यांना बोललो ते मनाला लागून राहिलं आहे. हल्ली ते नातीला कडेवर घेऊन कुंपणाशी येतात आणि विचारतात, "हाऊ आर यू?" मी म्हणतो, "गुड." "गुड," म्हणतात आणि सावकाश आत जातात. मी मात्र झारी हातात धरून तिथेच उभा राहतो, दुसरा प्रश्न येईल म्हणून.