आरपार खिडकी आन् डॉक्टरचा बोर्ड

तालुक्यात कम्पुटरवर बोर्ड करनारा पैला पेंटर मीच. म्हंजी कम्पुटरच्या काचंवर कागद चिकटवून त्याच्यावर शिसपेन्सिल फिरवनारा पैला.

चौथीत मी शाळा सोडली, का शाळंनं मला सोडलं, ह्याच्यावर आमच्या घरात दोन मतं हायती. पन हात बरा हुता. उसाच्या ट्रॉल्यांच्या फाळक्यावर मोर काढायचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, निवडनुकीत भिताडावर चिन्हं. मराठी मी जुळवून जुळवून वाचतो. इंग्रजी म्हंजी माझ्यासाठी नुसती नक्षी.

शतक सरत आलं हुतं, तवा कोपरगावात एकानं डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, गाड्यांचे स्टिकर. मालक वळखीचे. म्हनले, "डिझाईन कम्पुटरवर करू, भिताडावर तू रंगव. पैला बोर्ड जमला तर तुला कायमचा ठिवतो. पंख्याखाली खुर्ची." खुर्ची म्हनल्याव मी गारच झालो. तवर जलमभर शिडीवरच बसल्यालो. बायकोनं त्याच दिवशी गल्लीत सांगून टाकलं, आमचे हे आता कम्पुटरमधी हायत.

मालकांनी पुन्यावरनं एक सीडी आनली हुती. त्यातलं सॉफ्टवेअर चालू केलं की पडद्यावरची खिडकी आरपार व्हायची. येईल त्या गिऱ्हाइकाला मालक दावायचे, "ही पत्रिका. आता बघा हां." माऊसनं एक पट्टी सरकवली की पत्रिका जुन्या धोतरावानी इरळ व्हायची आन् मागचं समदं दिसायचं. गिऱ्हाईक म्हनायचं, "वा! पन ह्याचा उपेग काय?"

मालक म्हनायचे, "चहा घेनार का?"

खरा उपेग असा हुता की खाली नमुना ठिवायचा, वरची कोरी खिडकी आरपार करायची आन् माऊसनं गिरवायचं. पन मी माऊस धरला की रेघ बुजलेल्या बैलावानी पळायची. म्हनून मी आपला बटर पेपर आनला, चिकटपट्टीनं काचंवर लावला आन् पेन्सिलीनं छापून घ्यायला लागलो. मालक हसले. म्हनले, "कर बाबा तुझ्या रीतीनं."

पैला बोर्ड आला तो एका नव्या डॉक्टरचा. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं उद्घाटन. मालकांनी नाव, डिग्री, वेळ टाइप केलं, एका गिऱ्हाइकाला खिडकी आरपार करून दावली, आन् तशीच ठिवून जेवायला गेले. जाता जाता म्हनले, "उतरवून घे."

आमच्या धंद्यात एकच नियम. हाय तसं उतरवायचं, मधी आपलं डोकं घालायचं न्हाई. हा नियम पाळायला मला कधीच जड गेलं न्हाई.

डिग्रीच्या शेवटाला एक तिरका बाण हुता. वाटलं, मानूस लई शिकल्याला दिसतोय, डिग्री पार बाणापतुर गेलीय. नावाच्या डाव्या अंगाला एक डबा हुता. छत्री, शिट्टी, कपबशी मी शेकड्यानं काढलेली. वाटलं, डॉक्टरचंबी आसंल कायतरी चिन्ह. दवाखान्याच्या भिताडावर चौकटी आखून समदं मोठं केलं. डब्याला माझ्या पदरचा चंदेरी रंग दिला. खाली सावलीबी पाडली.

सकाळी मंडप, सत्यनारायन, बुंदी. डॉक्टर भाईर आले, वर बघितलं. "हा डबा कसला?"

मालक भिताडाजवळ गेले आन् त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं, ह्यो कम्पुटरमधला कचऱ्याचा डबा! खिडकीच्या मागं दिसत हुता त्यो! आन् ह्यो तर माऊसचा बाण!"

डॉक्टरच्या नावाला खेटून कचऱ्याचा डबा, त्योबी चकाकता. मी सावरायला गेलो. "सायेब, डबा ऱ्हाऊ द्या, दवाखान्यात सवच्छता पायजेच की. आन् बाण पेशंटला वाट दावील."

डॉक्टर जरा इचारात पडले. तेवढ्यात तपासून घ्यायला आलेली एक म्हातारी मान वर करून म्हनली, "बाण तर वर दावतोय, बाबा. हितं आल्याव मानूस थेट वरच का?" आन् पदर सावरीत समोरच्या जुन्या डॉक्टरकडं चालाय लागली. तिच्या मागनं आनखी दोघं गेले.

डॉक्टर म्हनले, "पुसा. आत्ताच्या आत्ता."

लोक बुंदी खात हुते आन् मी शिडीवर. पांढरा ऑइलपेंट घरी राहिल्याला, म्हनून मंडपवाल्याकडचा चुना फासला. एक हात मारला, डबा दिसतोय. दुसरा मारला, तरी चुन्याच्या मागनं डबा चमकतोय, बाण हाय तिथंच. मालक खाली शिडी धरून उभे. मी हळूच इचारलं, "मालक, ते खुर्चीचं कसं करायचं मंग?"

मालक म्हनले, "तुला काढल्यालं धड पुसताबी येईना, आन् खुर्ची मागतोस व्हय रं?"