चहा न मिळालेली ओळ

"सर गेले गं वैशू..." फोनवर सरांच्या पत्नीचा, चाचींचा आवाज होता. मग त्याच म्हणाल्या, "पंप चालूच हाय."

नगरहून कर्जतला जाणाऱ्या एसटीत मला बातमीपेक्षा ते दुसरं वाक्यच जास्त ऐकू येत होतं. बशीर सर शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर ते आपल्या लिंबाच्या बागेत निळ्या पिंपात खताचा चहा करू लागले. गांडूळखत फडक्यात बांधून पाण्यात लोंबतं सोडायचं, थोडा गूळ घालायचा आणि माशांच्या टाकीतल्या पंपाने दिवसभर हवा सोडत राहायचं. खतातले जिवाणू त्यात वाढतात, मग ते पाणी झाडांच्या बुडाशी ओतायचं. पण हवा थांबली की ते आंबतं, म्हणून पंपाच्या बटणाला सरांशिवाय कुणी हात लावत नसे. सर गेले तेही त्याच सकाळी, पिंपाशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या.

शेजारचे दगडूतात्या बांधावरून ओरडायचे, "मास्तर, चा झाला का? कप आणू?" सर म्हणायचे, "आन की. पण बशीत ओतून फुरके मारावे लागतील, तात्या."

माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात धान्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे, मुळाक्षरंही मी पाठकोऱ्या पत्रकांवर गिरवली. त्यामुळे सरांचं पिंप पाहिलं त्याच आठवड्यात माझं पत्रक लिहून तयार झालं... मातीची गुलामी तोडा, शेंडेमर हटवा! तालुक्यात लिंबाची झाडं शेंड्याकडून वाळत होती आणि लोक दुकानदार देईल ती बाटली फवारत होते. मला गप्प बसवत नव्हतं.

सरांनी पत्रक वाचलं. "शेंडेमर हटते, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमची झाडंच सांगतायत की."

"मला तर अजून काही बोलली न्हाईत." आणि त्यांनी मला बांधाकडची ओळ दाखवली. तिला खत तेच, पाणी तेवढंच, छाटणीही तशीच. फक्त चहा नाही. त्या ओळीतही शेंडे वाळत होते. मी भडकले. "झाडं मरतायत आणि तुम्ही नुसतं बघता?"

"व्हय, बघतोय. सगळ्यांनाच पाजला, तर कशानं जगली हे कुणाला कळंल? फरक दिसू दे. मग तुझं पत्रक मी स्वतः बाजारात वाटीन."

एवढीच त्यांची इच्छा होती... खरं काय ते कळावं. त्यासाठी स्वतःची झाडं पणाला लावायची, हे कुठल्याही पत्रकात मी वाचलं नव्हतं. तरी तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला. आम्ही दर भेटीत भांडायचो.

मी पोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती. नवऱ्यामागे पाळायची इद्दत सुरू झाल्याने चाचींना आता काही महिने घराबाहेर पडता येणार नव्हतं. त्यांनी खिडकीतूनच हाक मारली. "वैशू, वास बघ. आंबला असंल तर ओतून टाक. न्हाई तर झाडांना घाल. आजच घालायचा हुता तो."

मी झाकण काढलं. पाचोळ्याखालच्या मातीचा वास आला, आंबला नव्हता. इतका वेळ आवरलेलं रडू तिथे आलं.

मी एक बादली भरली, दगडूतात्यांनी दुसरी उचलली. एकेक झाड करत आम्ही बांधापर्यंत आलो. माझ्या बादलीत तळाशी थोडा चहा उरला होता आणि समोर बांधाकडच्या ओळीतलं झाड निम्मं वाळलेलं. तात्यांनी त्या झाडाकडे बोट केलं. "घाल, पोरी. आता कोन बघतंय? मास्तरच्या नावानं घाल."

मलाही घालायचाच होता. बादली कललीसुद्धा... मग मी मागे वळले आणि उरलेला चहा आधीच्याच ओळीत ओतला. तात्या बांधावर बसून डोळे पुसू लागले.

खिडकीतून चाचींनी विचारलं, "बांधाची ओळ?"

"सोडली."

तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या चाची तेव्हा मोठ्यानं रडल्या.

आता दर रविवारी मी जाते. सरांच्या खुर्चीत बसून पिंपातली बुडबुड ऐकते, आत चाचीही ऐकत असतात. बांधाकडच्या ओळीत परवा एका झाडाला नवी पालवी दिसली. चहा मिळालेल्या ओळींतही काही शेंडे अजून वाळतायत. मला काहीच सांगता येत नाही, सर. पत्रक छापलेलं नाही.