मशीनचा पत्ता : बौद्धवाडी

"अरे ऐका, याच्या कॉम्प्युटरचं घर बौद्धवाडीत आहे!"

नेटवर्क रूमच्या सरांनी माझा फॉर्म वर धरला आणि रांगेला वाचून दाखवला. शाळेत निकाल वाचतात तसा, एकेक शब्द सुटा करून. मुक्काम बौद्धवाडी. पोशीरजवळ. तालुका कर्जत. जिल्हा रायगड. पिनकोडसुद्धा सोडला नाही. रांगेत वीसेक जण होते, सगळ्यांच्या हातात लॅपटॉप. माझ्या एकट्याच्या काखेत जुना सीपीयू, चादरीत गुंडाळलेला. शिळफाट्याच्या दुकानदाराशी दोन तास घासाघीस करून घेतलेला. सगळे हसले. आधी मीही हसलो. कशाला हसतायत ते मला कळलं नव्हतं.

फॉर्मवर एक रकाना होता. फिजिकल ॲड्रेस. मला वाटलं, मशीन राहतं कुठं ते विचारतायत. चोरीबिरी झाली तर लागत असेल. म्हणून घरचा पत्ता लिहिला. प्रत्येक मशीनच्या आत कंपनीनं घातलेला एक नंबर असतो आणि विद्यापीठाच्या जाळ्यात मशीन त्या नंबरावरून ओळखतात, हे मला ठाऊक नव्हतं. कशेळ्याच्या बाजारात मी सहा वर्षं जुने मोबाईल विकले. त्या पैशावर बीए केलं, एमए केलं. मोबाईलचा नंबर कुठं दडलेला असतो ते मी डोळे मिटून सांगेन. यांनी नुसतं 'नंबर' छापलं असतं तरी मी भरला असता. त्यांनी पत्ता विचारला. मी पत्ता दिला.

चूक माझी होती. तेवढ्यावर हसून थांबले असते तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. पण सरांनी फॉर्म खाली ठेवला आणि विचारलं, "बौद्धवाडी म्हणजे गावाच्या बाहेर ना रे?"

मी म्हटलं, "हो सर."

"मग यालाही बाहेरच ठेवू."

पुन्हा हशा. या वेळी मी हसलो नाही.

बाहेर ठेवण्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. विद्यापीठात नवं मशीन आलं की आधी त्याला वेगळ्या जाळ्यात टाकतात. व्हायरस आहे का तपासतात. मग मुख्य जाळ्यात घेतात. नियम सगळ्यांना सारखा. माझ्यापुढच्या मुलाचा लॅपटॉप दहा मिनिटांत आत गेला. माझ्या मागच्यांचेही गेले. माझं मशीन वेगळं राहिलं. होस्टेलच्या खोलीत केबल लावली, काहीही उघडलं की एकच लाल पान यायचं. या मशीनला परवानगी नाही. नेटवर्क रूमशी संपर्क साधा.

पत्ता खोडून खरा नंबर मी दुसऱ्याच दिवशी भरून दिला. पुढे रोज संपर्क साधला.

"सर, माझं मशीन."

"काय हाय रं?" सर माझ्या बोलण्याची नक्कल करत. "झालं नाय? होईल, होईल. घाई काय हाय?"

एकदा म्हणाले, मशीन घेऊन ये. नेलं. त्यांनी झाकण उघडायला लावलं, आत डोकावले आणि तिथं बसलेल्या मुलांना म्हणाले, "हात लावू नका रे, चढेल काहीतरी." पोरांनी हात मागे घेतले. गंमत म्हणून. मी झाकणाचे स्क्रू परत बसवत होतो. चार स्क्रू. एवढा वेळ मला आयुष्यात कधी लागला नाही. त्याच दुपारी एका मुलाच्या लॅपटॉपमध्ये खरोखर व्हायरस सापडला. सरांनी तो स्वतः साफ केला, मुख्य जाळ्यात सोडला आणि वर म्हणाले, "बाळा, काळजी घेत जा."

मेसमध्ये माझं नावच पडलं. पत्ता. "ए पत्ता, डाळ सरकव." "पत्त्याचा पत्ता लागला का रे?" मी डाळ सरकवत होतो. मला काम काढून घ्यायचं होतं. संशोधनाच्या जागेसाठी माझी निवड झाली होती, फक्त आराखडा पोर्टलवर चढवायचा बाकी होता. पोर्टल आतल्या जाळ्यातूनच उघडतं आणि प्रत्येकाचं लॉगिन त्याच्या नोंदवलेल्या मशीनलाच बांधलेलं असतं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून जमत नाही, मोबाईलवरून जमत नाही. माझं मशीन आत गेलं नाही तर जागा गेली. सरांना हे माहीत होतं. मीच सांगितलं होतं. ती माझी दुसरी चूक. आपल्याला माल किती हवा आहे हे समोरच्याला सांगायचं नसतं, हे बाजारात शिकलेला माणूस मी.

अकराव्या दिवशी मुदत संपत होती. संध्याकाळी पाच वाजता. मी सकाळी दहाला काउंटरवर.

सरांनी कोरा कागद पुढे टाकला. "अर्ज लिही. माझ्या अज्ञानामुळे चुकीची माहिती भरली, सरांनी मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. एवढं लिही, लगेच सोडतो."

मी पेन काढलं. तारीख लिहिली. 'माझ्या अज्ञानामुळे' इथपर्यंत लिहिलं. स्वस्तात सुटतंय, असंच मनात होतं. तेवढ्यात सर बाजूच्या शिपायाला म्हणाले, "यांना असं लिहायची सवय असते."

मी कागद फाडला.

"तुम्ही लिहा," मी म्हटलं.

"काय?"

"हे मशीन अकरा दिवस वेगळं का ठेवलं, ते कारण लिहा. खाली सही करा."

"तू मला शिकवणार?"

"लिहा!" मी काउंटरवर हात आपटला. त्यांचा चहा फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सांडला. पोरं उभी राहिली. सरांनी पेनाला हात लावला नाही. तोंडानं वाटेल ते बोलणारा माणूस कागद पुढे केला की कसा गप्प होतो, ते मी पाहिलं.

"बाहेर हो," ते म्हणाले.

मी झालो. सरळ कुलसचिवांच्या कार्यालयात गेलो आणि तक्रार लिहिली. 'यालाही बाहेरच ठेवू' हे वाक्य अवतरणचिन्हांत घातलं. कोण कोण हसलं त्यांची नावं घातली. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, ठेवून जा. मी म्हटलं, आवकचा शिक्का मारा, माझ्या प्रतीवरही मारा. शिक्का पडेपर्यंत हललो नाही.

तीन वाजता विभागप्रमुखांनी बोलावलं. सर आधीच खुर्चीत होते, खिडकीकडे तोंड करून.

"हे बघ," विभागप्रमुख म्हणाले, "मशीन आत्ता जोडून देतो. तुझ्यासाठी पोर्टल उद्यापर्यंत उघडं ठेवतो. तू फक्त गैरसमज झाला होता असं लिहून तक्रार मागे घे. तुझंही भलं, आमचंही."

सौदा चांगला होता. मला सौद्यातलं कळतं. मी बाहेर येऊन आईला फोन लावला. ती कशेळ्याला भाजी घेऊन बसली होती.

"घे की रं," आई म्हणाली. "त्यांचं काय जातंय? तुजंच जाईल."

"आई, अख्ख्या रांगेसमोर आपल्या वाडीचं नाव घेऊन हसले."

"मला काय कमी हसल्यात? माझा हात लागला म्हणून पाणी शिंपडून भाजी घेतली लोकांनी. मी इकली. म्हणून तू शिकलास." मग कुणा गिऱ्हाइकाला म्हणाली, "वांगी ताजी हायेत गं, दाबू नको." फोन ठेवला.

मला तिचा राग आला. मग कळलं की तिनं सगळा हिशेब बरोबर सांगितला होता. ती हसू सहन करत गेली आणि हसणारे तिच्यावरून माझ्यापर्यंत आले. मी मागे घेतलं तर पुढच्या फॉर्मवर पुढच्या कुणाचा पत्ता वाचतील.

आत गेलो. "तक्रार राहील."

"जागा जाईल तुझी."

"जाऊ दे."

"मग तुला हवंय तरी काय? सांग ना, काहीतरी मध्यम मार्ग काढू."

"काही नको. तक्रार चौकशी समितीपुढे जाऊ द्या."

पाच वाजता पोर्टल बंद झालं. जागा गेली. यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. मी सीपीयू उचलला आणि परत आलो. आता पुन्हा कशेळ्यात टेबल लावतो. समितीची तारीख तीनदा पुढे ढकलली. दर वेळी कुणीतरी नवा निरोप आणतो. पुढच्या वर्षी जागा देऊ. नोकरीला लावू.

गेल्या बाजाराला सर स्वतः आले. टेबलासमोर उभे राहिले. मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले.

"तुम्ही समजून घ्या. माझी बढती अडकली आहे. घरी मुलं आहेत."

शेजारच्या पाटीवरून आई म्हणाली, "पाणी तरी दे रं त्यांना. उन्हातनं आल्यात."

दिलं नाही.

"अडकू दे," मी म्हटलं. "समितीपुढे या. मी सौद्याचा आकडा सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. तक्रार मागे घेणार नाही. जागा दिली तरी नाही, पाया पडलात तरी नाही. आता बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं आहे."