बिजागऱ्यांना तेल

जर्सी सिटीतल्या एका दगडी चर्चमध्ये आमची रविवारची मराठी शाळा सुरू झाली, त्या पहिल्याच दिवशी मी सवयीने दाराबाहेर बूट काढले. माझं बघून बारा मुलांनीही काढले. चर्चची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "फरशीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण फार गार आहे ती, बूट घाला."

तेव्हापासून दर रविवारी ते मला चर्च दाखवायचे. इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं जुनं चर्च बघून हे बांधलंय, म्हणायचे. भिंती हातभर जाड, खिडक्या अरुंद. "वर बघा, छप्पर म्हणजे उलटी ठेवलेली होडी." मी मान अवघडेपर्यंत बघायचो. बोलता बोलता ते खांबावर तळहात ठेवायचे, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

पुढे प्रार्थनेला येणारी माणसं कमी होत गेली आणि चर्च विकलं गेलं. आता तिथे फ्लॅट होणार. शेवटच्या रविवारी मी आणि बायको शाळेचं सामान गाडीत भरत होतो, आणि ते म्हातारे गृहस्थ गुडघे टेकून मोठ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते.

"उद्या हे दार काढणार आहेत ना?" मी विचारलं. कुठे काय विचारू नये, हे मला अजून कळत नाही.

"हो," ते म्हणाले. "पण कुरकुरतंय."

गाडीत बसल्यावर बायकोने पट्टा लावला. मग म्हणाली, "आई गेली ना, तेव्हा तिला न्यायच्या आधी बाबा तिचा चष्मा पुसत बसले होते."