गायरानावरची मोफत खाट

बारामतीपासून इंदापूरपर्यंत खासगी हॉस्पिटलला घरची मालमत्ता समजणारा एकच माणूस असेल, आणि ते नेमके माझे चुलत सासरे, आबा आहेत. त्यांच्या गावच्या गायरानावर हे चार मजली हॉस्पिटल उभं आहे. सरकारनं जागा नाममात्र भाड्यानं दिली, कर माफ केला आणि बदल्यात काही खाटा गरिबांसाठी मोफत ठेवायची अट घातली. ती अट हॉस्पिटलनं वॉर्डाच्या पाटीपुरती ठेवली, गाव तर विसरलंच. आबा विसरले नाहीत. रोज दुपारी ते तिथल्या एसी हॉलमध्ये पेपर वाचत बसतात, दिवसा जळणारे दिवे बंद करतात. रखवालदारानं हटकलं तर म्हणतात, "आमची म्हसरं हितंच चरायची. आता मी येतो. तुला काय तरास?" एकदा मोठ्या डॉक्टरांची गाडी त्यांनी "ही म्हशींची वाट हाय" म्हणून हलवायला लावली. मी शाळेत साठ पोरांना नजरेनं गप्प करणारी बाई; पण त्या हॉलमध्ये आबा दिसले की खांबामागे जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालते.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या सुमनताईंना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं, तेही लवकर. पिवळं रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळं घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मोफतचा एकही बेड रिकामा नाही." मी "थँक्यू" म्हटलं. खरंच म्हटलं, आणि सुमनताईंना घेऊन परत फिरले.

हॉलमध्ये बसलेल्या आबांनी हे ऐकलं आणि पेपरची घडी घातली. सरळ मोफत वॉर्डात गेले, मागोमाग आम्ही दोघी. त्यांनी चपला काढल्या आणि पहिल्या मोकळ्या खाटेवर गळ्यापर्यंत चादर ओढून आडवे झाले. नर्स धावत आली.

"आबा, उठा! हा बेड रिकामा ठेवायचाय."

"मंजी रिकामा हाय व्हय?"

"हो... म्हणजे नाही."

"न्हाय? मग मी कशावर निजलोय?"

"यांचे नातेवाईक कोण?" नर्सनं विचारलं. वॉर्डात एकही खांब नव्हता.

मॅनेजर आले, चिडले, मग जागेच्या अटीचे जुने कागद बघून नरमले. संध्याकाळी त्या खाटेवर सुमनताई होत्या. ऑपरेशन नीट झालं.

गेल्या हिवाळ्यात आबांनाच हर्नियासाठी दाखल करावं लागलं. खर्चाचा अंदाज वाचून मी हुशारी केली. "आबा, कमी उत्पन्नाचा दाखला आणू का? माझी ओळख आहे."

धोतर-टोपीशिवाय, हॉस्पिटलच्या कपड्यांत ते एवढेसे दिसत होते.

"सूनबाई, धा एकर ऊस हाय माझा. कुणाची खाट मागतीयास?"

मी अंदाजाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग त्यांनीच उशीखालून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "जा, भरून ये. आन् काय खाल्लंस का सकाळपास्नं?"

खिडकीवर मोठी रांग होती. मला बरंच वाटलं. लगेच त्यांच्यासमोर जायचा धीर होत नव्हता.